के-177 : गवताच्या मुलखातला रस्ता

कॅन्सस राज्य पार करणारे बहुतेक प्रवासी आंतरराज्य महामार्ग 70 धरतात, ताशी 75 मैलांचा वेग पकडतात आणि कोलोरॅडोचे डोंगर कधी दिसायला लागतात याची वाट बघत बसतात. कॅन्सस म्हणजे सपाट आणि रुक्ष, असा समज अमेरिकेतही घट्ट आहे. तो समज मोडायला एक रस्ता पुरेसा आहे. मॅनहॅटन या विद्यापीठाच्या गावाकडून निघून, हा मोठा महामार्ग ओलांडून, गवताने मढलेल्या टेकड्यांमधून दक्षिणेला कॅसोडेपर्यंत जाणारा दोन पदरी राज्य महामार्ग के-177. काउन्सिल ग्रोव्ह ते कॅसोडे हा त्याचा सुमारे 75 किलोमीटरचा भाग 2005 साली राष्ट्रीय निसर्गरम्य मार्ग म्हणून घोषित झाला. वाटेत कुठे प्रचंड धबधबा नाही, दरी नाही, हिमशिखर नाही. आहे ते गवत, आणि त्या गवतावर जगत आलेली माणसं.

माझी भाची मॅनहॅटनच्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात मातीतल्या सूक्ष्मजीवांवर संशोधन करते. एप्रिलच्या मध्यावर तिच्याबरोबर हा रस्ता करायचं ठरलं. एप्रिलच का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "मावशी, उंच गवत बघायचं तर सप्टेंबरात ये. पण गवत जगतं कसं ते बघायचं असेल तर एप्रिलच."

गाव सोडल्यावर थोड्याच अंतरावर रस्त्याकडेला गाडी थांबवायची एक उंच जागा आहे. तिथून कोन्झा प्रेअरीच्या टेकड्या दिसतात. कोन्झा हे 8,600 एकरांचं संशोधन केंद्र 1971 साली सुरू झालं. इथल्या टेकड्या छोट्या छोट्या पाणलोटांमध्ये वाटल्या आहेत. एक तुकडा दर वर्षी जाळतात, दुसरा दोन वर्षांनी, तिसरा चार वर्षांनी, काही तर वीस वर्षांनी. वर उभं राहिलं की हे वेळापत्रक जमिनीवर रंगांनी लिहिलेलं दिसतं. एक उतार कोळशासारखा काळा, त्याला लागून दुसरा कोवळा पोपटी, पलीकडचा गेल्या वर्षीच्या वाळल्या गवताने तांबूस, आणि जिथे वर्षानुवर्षं आग लागलेली नाही तिथे झाडोरा दाटलेला. गवत राहायला आग लागते, ही गोष्ट पुस्तकात वाचून जितकी पटणार नाही तितकी इथे एका नजरेत पटते.

एके काळी उंच गवताची ही प्रेअरी कॅनडातल्या मॅनिटोबापासून टेक्ससपर्यंत सुमारे 17 कोटी एकरांवर पसरली होती. आज तिच्यातली चार टक्केही उरलेली नाही, आणि जी उरली आहे तिचा मोठा भाग याच टेकड्यांमध्ये, म्हणजे फ्लिंट हिल्समध्ये, आहे. बाकीची गेली कुठे? नांगराखाली. 1837 साली जॉन डिअर या लोहाराने इलिनॉयमध्ये पोलादी नांगर केला आणि प्रेअरीची चिवट, मुळांनी विणलेली काळी माती उलटायला लागली. इलिनॉय आणि आयोवा ही राज्यं दोन पिढ्यांत मक्याची शेतं झाली. ती माती इतकी कसदार कशामुळे झाली होती, तर गवतामुळेच. बिग ब्लूस्टेम नावाच्या इथल्या मुख्य गवताची मुळं दहा फुटांहूनही खोल जातात. दर वर्षी त्यांतली काही कुजतात, नवी फुटतात, आणि हजारो वर्षांत माती तयार होते. भाची मला सांगत होती की प्रेअरीचं बहुतांश वजन जमिनीखाली असतं. आपण वर बघतो तो तिचा लहानसा हिस्सा.

मग एवढा एकच पट्टा नांगरातून कसा सुटला? याचं उत्तर रस्त्यानेच दिलं. के-177 जिथे टेकडी कापून जातो तिथे दोन्ही बाजूंना खडकाचे थर उघडे पडलेले आहेत. एका ठिकाणी उतरून आम्ही जवळ गेलो. फिकट पिवळसर चुनखडीचा जाड थर, त्याच्यावर राखाडी, ठिसूळ, नखाने खरवडला तरी भुगा होणारा शेलचा थर, पुन्हा चुनखडी. त्या चुनखडीत हातभर अंतरावर ओळीने गारगोटीच्या गाठी बसलेल्या, निळसर राखाडी, फुटलेल्या जागी पात्यासारखी धार असलेल्या. हाच तो फ्लिंट. सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र पुढे येत होता, मागे हटत होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडीत सिलिका गोळा होऊन या गाठी बनल्या. चुनखडी पावसाने झिजते, गारगोटी झिजत नाही. त्यामुळे टेकड्यांच्या माथ्यावर हीच गारगोटी चुऱ्यासारखी पसरून राहिली आहे आणि तिच्यावर मातीचा थर जेमतेम वीतभर. नांगराचा फाळ इथे टिकत नाही. वसाहतकाऱ्यांनी नदीकाठची सखल जमीन पेरली आणि टेकड्या गुरांसाठी सोडल्या. इथलं गवत या दगडाने राखलं.

काउन्सिल ग्रोव्ह हे दोन हजारांवर वस्तीचं टुमदार गाव निओशो नदीवर आहे. मिझुरीतून न्यू मेक्सिकोला जाणाऱ्या सांता फे व्यापारी वाटेवर पश्चिमेचा उघडा माळ सुरू होण्याआधीची ही दाट झाडीची जागा. गाड्यांच्या आऱ्या आणि आख करायला पक्कं लाकूड इथेच शेवटचं मिळायचं, म्हणून तांडे इथे थांबून एकत्र व्हायचे. 1825 साली एका ओकच्या झाडाखाली ओसेज लोकांशी करार झाला आणि त्यांच्या मुलखातून जाण्याच्या हक्कापोटी त्यांना 800 डॉलर देण्यात आले. ते झाड 1958 च्या वादळात पडलं. त्याचं खोड गावाने छप्पर घालून जपून ठेवलं आहे. मुख्य रस्त्यावर 1857 सालचं दगडी दुकान अजून उभं आहे. पश्चिमेला निघालेल्या तांड्यांना सामान घ्यायची ती शेवटची संधी, म्हणून त्याचं नावच 'लास्ट चान्स स्टोअर'.

या गावात व्यापाऱ्यांच्या खुणा ठळक आहेत. त्यांच्या आधीच्या लोकांच्या खुणा शोधाव्या लागतात. ज्यांच्यावरून राज्याला नाव पडलं ते कान्झा, म्हणजेच कॉ लोक 1840 च्या दशकाच्या अखेरीस इथल्या राखीव प्रदेशात राहायला आले. 1846 च्या कराराने त्यांना वीस मैल लांब आणि वीस मैल रुंद जमीन मिळाली होती. 1859 मध्ये ती 80,000 एकरांवर आणली गेली. त्यांच्या मुलांसाठी 1851 साली बांधलेली दगडी मिशनशाळा आता राज्याचं संग्रहालय आहे. देवी आणि उपासमार यांनी लोक खंगत गेले आणि 1873 मध्ये उरलेल्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, हलवण्यात आलं. त्या वेळी त्यांच्यातला एक मुलगा आजीच्या आग्रहावरून मागे राहिला. तो चार्ल्स कर्टिस पुढे 1929 ते 1933 अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष होता.

गावाच्या आग्नेयेला काही मैलांवर, कच्च्या रस्त्याने गेल्यावर, कॉ राष्ट्राने स्वतःच्या पैशांनी परत विकत घेतलेली थोडी जमीन आहे. त्यांच्या प्रमुखाच्या, अलेगावाहोच्या, नावाने तिथे स्मृतिउद्यान केलं आहे. ओढ्याकाठी जुन्या दगडी झोपड्यांच्या भिंती ढासळलेल्या आहेत. सरकारने या लोकांना राहायला बांधून दिलेली ही घरं. त्यांत त्यांनी घोडे बांधले आणि स्वतः आपल्या पारंपरिक निवाऱ्यांत राहिले, असं तिथला फलक सांगतो. पायवाटेने चढून वर गेलं की 1925 साली एका अनाम कॉ योद्ध्याच्या अस्थींवर उभारलेला दगडी स्तंभ लागतो. तिथून जी कुरणं दिसतात ती या लोकांनी राखलेली. पिढ्यानपिढ्या वसंतात गवत पेटवून नवी पालवी फोडायची आणि बायसनांचे कळप त्या पालवीकडे वळवायचे, ही रीत त्यांची आणि त्यांच्या शेजारच्या जमातींची. पुढे गोऱ्या गुरेपालकांनी आग लावण्याची रीत उचलली. ज्यांच्याकडून ती उचलली त्यांना मात्र इथे राहू दिलं नाही. या रस्त्याचं सौंदर्य सांगताना हे सांगणं टाळता येत नाही.

काउन्सिल ग्रोव्हनंतर वळणं कमी होतात आणि आभाळ मोठं होतं. विजेच्या तारा, जाहिरातींचे फलक, पेट्रोल पंप, काहीच नाही. कुंपणाच्या खांबांवर मेडोलार्क पक्षी बसलेले, पिवळ्याधमक छातीवर काळी पट्टी, आणि गाडीच्या काचा वर असल्या तरी ऐकू येईल अशी मोकळी शीळ. काही ठिकाणी तारेऐवजी दगडी कुंपणं आहेत, चुना-मातीविना नुसते दगडावर दगड रचलेले गडगे. 1867 च्या कायद्याने कॅन्ससमध्ये गुरं मोकाट सोडण्याची पद्धत बंद झाली आणि दगडी कुंपण घालणाऱ्याला सरकार लांबीच्या हिशेबाने पैसे देऊ लागलं. कोकणातले गडगे ज्याने पाहिले आहेत त्याचा हात त्या रचनेवरून आपोआप फिरतो. आडवे पाटदगड, मध्ये चिपा, आणि सगळ्यात वर उभे लावलेले दगड.

स्ट्राँग सिटीच्या अलीकडे दोन मैलांवर टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह लागतं. 10,894 एकरांचं हे क्षेत्र 12 नोव्हेंबर 1996 रोजी कायद्याने निर्माण झालं, पण त्याआधी काही दशकं भांडण चाललं. प्रेअरीला राष्ट्रीय उद्यान हवं असं निसर्गप्रेमी म्हणत होते. सरकार आपली कुरणं घेईल, या भीतीने गुरेपालक विरोधात उभे होते. शेवटी तोडगा निघाला तो असा की, केंद्र सरकारकडे यातली 180 एकरांपेक्षा जास्त जमीन असणार नाही. बाकीची एका खाजगी निसर्गसंस्थेकडे राहील, व्यवस्था राष्ट्रीय उद्यान सेवा पाहील, आणि गुरांची चराई चालू राहील. या तोडग्यामुळे इथे एकाच कुंपणाच्या एका बाजूला गुरं आणि दुसऱ्या बाजूला बायसन असं दृश्य दिसतं.

स्टीफन जोन्स नावाच्या गुरेपालकाने 1881 मध्ये इथे बांधलेलं घर रस्त्यावरूनच दिसतं. कोरीव चुनखडीचा वाडा, मागे टेकडीच्या उतारात बसवलेला तीन मजली दगडी गोठा, आणि पलीकडच्या टेकाडावर 1882 सालची एकखोली शाळा. शाळेत बाकं आणि फळा अजून आहेत. खिडकीतून बाहेर पाहिलं तर नजर पोचेल तिथपर्यंत दुसरं घर नाही.

बायसन पाहायला पायवाटेने वर चढावं लागतं. 2009 मध्ये साउथ डकोटातल्या विंड केव्ह उद्यानातून 13 बायसन इथे आणले. आता त्यांचा मोठा कळप झाला आहे. आम्हाला ते नुकत्याच जळालेल्या उतारावर दिसले. काळ्या राखेतून बोटभर हिरवं वर आलं होतं आणि सगळा कळप तेवढ्याच तुकड्यात. शेजारी गुडघ्याएवढं जुनं गवत उभं होतं, त्याच्याकडे एकानेही तोंड वळवलं नाही. भाचीने सांगितलं की जळीत जमिनीवर फुटणारी पालवी जास्त पौष्टिक असते. जनावरं आगीच्या मागोमाग फिरतात, आणि ती जिथे जात नाहीत तिथे गवत वाढून पुढच्या आगीला सरपण होतं. आग आणि चराई मिळून माळ असा आलटून पालटून फिरता राहतो.

न जळालेल्या तुकड्यात गेल्या वर्षीच्या वाळल्या काड्या उभ्या होत्या, काही माझ्या खांद्यापर्यंत. बिग ब्लूस्टेमचं कणीस तीन बोटांचं, इंडियन ग्रासचा तुरा एकेरी, सोनेरी, दाट. तो हातात घेतला आणि ओळखीचा वाटला. "वाटणारच," भाची म्हणाली, "ही सगळी ज्वारीची भावकी." ज्वारी, ऊस, मका, आपल्या माळावरचं कुसळी गवत आणि प्रेअरीची ही उंच गवतं, सगळी एकाच गणगोतातली. कॅन्सस हे अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी पिकवणारं राज्य आहे. सोलापूरकडच्या माणसाला इथे परकं वाटायचं फारसं कारण नाही.

स्ट्राँग सिटी हे रेल्वेचं गाव. सांता फे रेल्वेचे अध्यक्ष विल्यम बार्स्टो स्ट्राँग यांच्यावरून त्याला नाव मिळालं. 1938 पासून इथे दर वर्षी जूनमध्ये रोडिओ भरतो. नदी ओलांडली की कॉटनवूड फॉल्स, चेस काउंटीचं मुख्य ठिकाण. विटांनी फरसबंद केलेला रुंद ब्रॉडवे सरळ जाऊन काउंटीच्या न्यायालयाला भिडतो. 1873 सालची ही इमारत जॉन हॅस्केल या वास्तुरचनाकाराची. पांढुरक्या दगडाच्या भिंती, लाल उतरतं छप्पर, वर घड्याळाचा मनोरा. कॅन्ससमधलं वापरात असलेलं हे सर्वांत जुनं काउंटी न्यायालय. आत अक्रोडाच्या लाकडाचा गोल जिना तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो आणि त्याचा कठडा दीडशे वर्षांच्या तळहातांनी गुळगुळीत झालेला आहे. लोक तिथे कर भरायला, जमिनीच्या नोंदी बघायला येतात. आम्हालाही कुणी अडवलं नाही.

बाहेर आल्यावर मी भिंतीपाशी थांबले. लांबून गुळगुळीत दिसणारा दगड जवळून पाहिला तर त्यात गव्हाच्या दाण्याएवढे हजारो कण भरलेले दिसतात, टोकांना निमुळते, मध्ये फुगीर. ते फ्युसुलिनिड, त्या जुन्या समुद्रातल्या एकपेशीय जीवांची कवचं. इथल्या खाणींतला हा दगड राज्याच्या विधानभवनापर्यंत गेला आहे. ज्या समुद्राने टेकड्यांना गारगोटी दिली त्यानेच गावाला भिंती दिल्या.

गाव सुंदर आहे, पण विरळ होत चाललं आहे. 1900 च्या जनगणनेत चेस काउंटीत आठ हजारांवर माणसं होती. 2020 मध्ये 2,572. कारण गुपित नाही. गुरांच्या कुरणाला माणसं थोडी लागतात, यंत्रं आल्यापासून त्याहून थोडी, आणि शाळा संपली की मुलं विचिटा नाहीतर कॅन्सस सिटी धरतात. तरी जे आहेत ते गाव धरून आहेत. ब्रॉडवेवरच्या एका दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, शुक्रवारी संध्याकाळी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची बैठक जमते, वीस-तीस मैलांवरून लोक गिटार आणि फिडल घेऊन येतात. अंतराचं त्यांना काही वाटत नाही. इथे किराण्यालाही तेवढं जावं लागतं.

कॉटनवूड फॉल्सच्या दक्षिणेला रस्ता खऱ्या अर्थाने माळावर चढतो. बझार नावाची छोटी वस्ती लागते. तिच्याजवळच्या एका कुरणात 31 मार्च 1931 रोजी प्रवासी विमान कोसळलं आणि आठ जण गेले. त्यांत नोत्र दाम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे नामवंत प्रशिक्षक न्यूट रॉकनी होते. फोकर एफ-10 विमानाचे पंख लाकडी. आत ओल शिरून डिंकाने चिकटवलेले सांधे सुटले आणि एक पंख हवेतच तुटला. रॉकनी इतके लोकप्रिय होते की देश हादरला, अपघाताच्या चौकशीचे निष्कर्ष जाहीर करावे लागले आणि विमान कंपन्या सर्वधातूच्या विमानांकडे वळल्या. आज कुणीही विमानात निर्धास्त बसतो त्यात या कुरणाचा वाटा आहे.

बझार आणि मॅटफील्ड ग्रीन ही नावं गुरांच्या व्यापारात एके काळी दूरवर माहीत होती. टेक्ससमधली गोऱ्ह्यांची खिल्लारं वसंतात रेल्वेने इथे यायची, या गवतावर उन्हाळाभर चरायची आणि धष्टपुष्ट होऊन बाजारात जायची. चुनखडीवरच्या गवताने जनावर झपाट्याने भरतं, दिवसाला किलोभर वजन चढतं. आता रेल्वेच्या जागी ट्रक आले आहेत. 1956 मध्ये कॅन्सस टर्नपाइक हा टोलरस्ता या टेकड्यांतून गेला, तेव्हा बझारजवळ त्याला एक फाटा ठेवला, तो फक्त गुरांच्या ट्रकांसाठी. दुसऱ्या कुठल्या गाडीला तिथे उतरता येत नाही.

मॅटफील्ड ग्रीन पन्नासेक माणसांचं गाव. आमचा मुक्काम तिथेच होता. संध्याकाळी पोचण्याआधी रस्त्यावर धूर दिसला आणि कुंपणालगत चार-पाच पिकअप उभ्या दिसल्या. भाचीने विचारून घेतलं. रस्ता सोडून आत यायचं नाही, एवढी एकच अट मालकांनी घातली.

काम शिस्तीचं होतं. वारा दक्षिणेचा. म्हणून आधी कुरणाची उत्तरेकडची कड पेटवली. ती आग वाऱ्याविरुद्ध असल्याने कासवगतीने मागे सरकत होती आणि तिच्यामागे जळालेल्या जमिनीचा पट्टा रुंद होत होता. डिझेल-पेट्रोलच्या मिश्रणाची ठिबकती मशाल हातात घेऊन एक मुलगी कडेकडेने चालत होती. तिच्या मागून पाण्याची टाकी लादलेली पिकअप, आणि टाकीच्या नळीने एक म्हातारे गृहस्थ कुंपणाचे लाकडी खांब भिजवत होते. पट्टा पुरेसा रुंद झाल्यावर दोन्ही बाजू पेटवल्या. शेवटी दक्षिणेची कड. ती मात्र वाऱ्यावर स्वार झाली. माणसाच्या दुप्पट उंचीच्या ज्वाळा, कोरडा कडकडाट, तोंडावर एकदम आलेली धग, आणि बघता बघता आग टेकडीवर चढून पलीकडच्या पट्ट्याला भिडली. तिथे जळायला काही नव्हतं, ती बसली. एवढं मोठं कुरण तासाभरात काळं झालं.

मालक नंतर कुंपणाशी येऊन बोलले. जाळण्याआधी काउंटीच्या कार्यालयाला फोन करावा लागतो, शेजाऱ्यांना बोलवावं लागतं, आज हे माझ्याकडे आले, उद्या मी त्यांच्याकडे जाईन. जाळलं नाही तर काय होईल, असं मी विचारलं. त्यांनी दूरच्या एका उताराकडे बोट दाखवलं. तिथे गर्द हिरव्या रेड सीडरची झाडं उभी होती. मालक शहरात राहतो, वीस वर्षं जाळलेलं नाही, ते म्हणाले. आता तिथे ना गुरं चरतात ना पक्षी उतरतात.

या आगीलाही दुसरी बाजू आहे. काही वसंतांत फ्लिंट हिल्समध्ये वीस लाखांहून जास्त एकर जळतात आणि धूर कॅन्सस सिटीपर्यंत, कधी नेब्रास्कापर्यंत पोचतो. दम्याच्या रोग्यांना त्रास होतो. त्यामुळे 2010 मध्ये राज्याने धुराचं नियोजन आखलं. हवामान पाहून कुठल्या दिवशी जाळावं, कुठल्या दिवशी थांबावं, हे गुरेपालकांना कळवलं जातं. आणखी एक तक्रार पक्ष्यांची आहे. ती आम्हाला दुसऱ्या दिवशी पहाटे कॅसोडेला समजली.

कॅसोडे हे स्वतःला 'प्रेअरी चिकनची राजधानी' म्हणवणारं शंभरेक वस्तीचं गाव. भाचीच्या ओळखीने एका कुरणात अंधार असतानाच आम्हाला आडोशाला बसायची परवानगी मिळाली होती. थंडी कडाक्याची. पूर्वेला फटफटायच्या आधीच आवाज सुरू झाला, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखा, खोल, लांबणारा. उजाडलं तसे ते पक्षी, प्रेअरी चिकन, दिसले. दहा-बारा नर, कोंबडीएवढे, अंगावर तपकिरी आडव्या रेघा. एकेक जण मान खाली घालतो, मानेवरची लांब पिसं शिंगांसारखी उभी करतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना नारिंगी फुगे फुगवतो, पाय इतक्या झपाट्याने आपटतो की जमिनीवरची थाप ऐकू येते, आणि मग तो आवाज. दोघे समोरासमोर आले की उडी घेऊन झटापट. माद्या कडेने चालत होत्या, जणू कशाकडे लक्ष नाही. ही जागा दर वर्षी तीच असते, उघड्या, आखूड गवताच्या उंचवट्यावर. अंडी घालायला मात्र मादीला दाट, जुनं गवत लागतं. सगळं कुरण दर वसंतात जाळलं आणि त्यावर गुरांची दाटी केली, तर आखूड गवत भरपूर मिळतं आणि दाट गवत कुठेच उरत नाही. म्हणून आता काही ठिकाणी कुरणाचे तीन भाग करून दर वर्षी एकच भाग जाळतात. जनावरं आपोआप कोवळ्या भागात जातात, पक्ष्यांना जुना भाग उरतो. या पक्ष्याचा पूर्व किनाऱ्यावरचा भाऊबंद हीथ हेन 1932 साली जगातून संपला. कॅन्ससला ते पुन्हा घडू द्यायचं नाही.

मला तिथे बसून सोलापूरजवळचं नान्नज आठवणं अपरिहार्य होतं. 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं ते नान्नज. माळढोकाचा नरही गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट उभारून, ठरलेल्या उंचवट्यावर असाच नाचतो. आता नान्नजला तो दिसणं जवळजवळ थांबलं आहे. सगळ्या देशात जंगली माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत. दोन्ही पक्ष्यांना एकच गोष्ट हवी असते, मोकळा, चरलेला, पण न नांगरलेला आणि झाडं न लावलेला माळ. आपल्याकडे अशा माळाची सरकारदरबारी नोंद बहुधा पडीक जमीन म्हणून होते. मग तिथे वनीकरणाचे खड्डे पडतात, औद्योगिक वसाहत येते, सौर पॅनेल येतात. पर्यावरणाच्या नावाने माळावर झाडं लावणारे लोक चांगल्या मनाचेच असतात, पण मॅटफील्ड ग्रीनच्या त्या गृहस्थांनी दाखवलेला सीडरचा उतार पाहिल्यावर मला वाटतं, त्यांनी एकदा हा रस्ता करावा. 2011 मध्ये कॅन्ससच्या गव्हर्नरांनी फ्लिंट हिल्सचा मोठा पट्टा पवनचक्क्यांपासून मोकळा ठेवायचं जाहीर केलं. ऊर्जा हवी, पण ती इथे उभारायला नको, असं स्पष्ट म्हणण्याइतकं मोल त्या राज्याने गवताला दिलं.

ते मोल आपोआप आलं नाही. गारगोटीने नांगर अडवला, इथपर्यंत निसर्गाचं काम झालं. त्यानंतरची दीडशे वर्षं गवत टिकलं, कारण कुणाचं तरी पोट त्याच्यावर होतं, आणि ते पोट चालू राहावं म्हणून मशाल घेऊन दर एप्रिलला माळावर उतरणारी माणसं होती. कॉ लोकांना हुसकावून लावल्याचा डाग त्या इतिहासावर आहे, तो पुसला जाणार नाही. पण शिकण्यासारखं जे आहे ते स्पष्ट आहे. महाराष्ट्राच्या माळांवरही शतकानुशतकं असं पोट असलेला माणूस आहे, धनगर. त्याचा कळप माळ आखूड ठेवतो, त्याची वाट माळाला बांधावाचून मोकळं ठेवते. माळढोक वाचवण्याच्या, गवताळ प्रदेश राखण्याच्या योजना जेव्हा आखल्या जातात तेव्हा त्याला बाहेर काढायचं की त्याच्यापासून सुरुवात करायची, हा निर्णय आपल्या हातात आहे. माझ्या मते सुरुवात त्याच्यापासूनच व्हायला हवी, आणि सातबाऱ्यावर माळाची नोंद 'कुरण' म्हणून करून घेण्यापासून.